बेडकाच्या पोटाची चौकशी

मृगाची पहिली दमदार सर पडून गेली, की त्या रात्री परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाबाहेर कान देऊन उभे राहावे. दिवसभर तापलेली काळी जमीन निवत असते, खळग्याखळग्यांत पाणी साचलेले असते आणि ओढ्याच्या अंगाने एकदम गलका उठतो. आपण अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणतो, ‘बेडूक ओरडायला लागले, आता पाऊस धरला.’ मग कूस बदलतो आणि झोपी जातो. बेडकाशी आपला संबंध बहुधा एवढाच. त्याचा आवाज ऐकावा, पावसाचा अंदाज बांधावा आणि नातवंडांना बैलाएवढे होऊ पाहणाऱ्या बेडकाची गोष्ट सांगावी. तो जेवला आहे की उपाशी आहे, ही चौकशी करण्याचे काही कुणाच्या मनात येत नाही.

खरे तर ती करण्यासारखी आहे. ओढ्याकाठच्या गलक्यावरून बेडूक आहेत एवढे समजते, ते कसे आहेत हे समजत नाही. त्यातही गंमत अशी, की हा सारा गलका नरांचा. मादी जवळजवळ मुकीच. जिच्या पोटातल्या अंड्यांवर पुढची पिढी उभी राहायची, तिची खबर त्या आवाजातून आपल्याला मिळतच नाही.

मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेच्या नोकरीत काढली. पीककर्जाच्या निमित्ताने जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड या बाजूची पुष्कळ शिवारे पायाखालून गेली. बँकेतल्या माणसाला एक सवय जडते. खातेदार काउंटरपुढे किती रुबाबात उभा आहे यापेक्षा त्याच्या खात्यावर शिल्लक किती, हे तो आधी बघतो. बेडकाकडेही याच नजरेने पाहता येते, कारण बेडकालाही खाते असते आणि तेही त्याच्या पोटातच.

ज्यांनी कॉलेजात असताना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडकाचे विच्छेदन केले असेल, त्यांना आठवत असेल. (आता ते बंद झाले आहे आणि बरेच झाले.) पोट उघडले, की मूत्रपिंडांच्या वरच्या अंगाला हाताच्या बोटांसारखे पिवळेधमक झुपके दिसायचे. प्रात्यक्षिकाच्या गडबडीत विद्यार्थी ते चिमट्याने बाजूला सारून हृदय नि यकृत शोधायला लागायचे. पण बेडकाच्या दृष्टीने ते झुपके फार मोलाचे. त्यांना मेदपिंड म्हणतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बेडूक जे खातो, त्यातला तत्काळ खर्च भागून जे उरते, ते चरबीच्या रूपाने इथे आणि यकृतात साठते. पाणी आटू लागले, थंडी पडली, की आपला मोठा सोनेरी-हिरवा बेडूक जमिनीच्या भेगांत, बांधाच्या कपारीत, मऊ मातीत शिरून बसतो. त्यानंतर कित्येक महिने जेवण नाही. हा सगळा काळ त्याने पोटातली ही मुदतठेव मोडून खायची.

या ठेवीवर हक्क दोघांचा असतो. एक त्याच्या स्वतःच्या जिवाचा आणि दुसरा पुढच्या पिढीचा. मेदपिंड हे बीजकोशांना लागूनच असतात, हा काही योगायोग नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्रा. एस. के. सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्याच बेडकांच्या प्रजननचक्राचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मेदपिंड आणि अंडी यांच्या नात्याकडे त्यांनी मुद्दाम लक्ष दिले. त्यातला आपल्यासारख्याला कळण्याजोगा भाग असा : मृगाच्या पावसात मादी जी हजारो अंडी घालते, त्यांतल्या बलकाचा मोठा वाटा मागच्या हंगामातल्या खाण्यातून आलेला असतो. म्हणजे या वर्षीची अंडी ही गेल्या वर्षीच्या भाद्रपद-आश्विनातल्या जेवणाची फळे. पाऊस या साली कितीही चांगला होवो, मादी मागच्या साली उपाशी राहिली असेल, तर अंडी कमीच पडणार. थोराड, भरल्या अंगाची मादी अधिक अंडी घालते. खंगलेली मादी थोडी घालते किंवा ते साल चुकवते.

आता बेडूक खंगला आहे हे ओळखायचे कसे? अभ्यासकांची रीत साधी आहे. नाकाच्या टोकापासून धडाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजायची, वजन करायचे आणि एवढ्या लांबीच्या बेडकाचे वजन एरवी किती असते, त्याच्याशी ताडून बघायचे. आपल्या वाचक भगिनींना हे काही नवीन नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हापासून अंगणवाडीत वेगळे काय चालते? पोराचे वजन घ्यायचे, उंची मापायची, दंडाचा घेर बघायचा आणि मूल कुपोषित आहे का, ते तक्त्यावर पाहायचे. गावात मुले किती आहेत हा जनगणनेचा प्रश्न झाला. ती भरल्या अंगाची आहेत का, हा अंगणवाडीताईचा प्रश्न. दंड आवळून पोरे जो फुगवटा दाखवतात, त्याला आपण मराठीत ‘बेडकुळी’ म्हणतो. ज्या कुणी हा शब्द प्रथम वापरला, त्याने धष्टपुष्ट बेडूक पाहिलेला असणार.

मोठ्यांचे हे झाले. पिलांची कथा आणखी नाजूक आहे. ओढ्याच्या कडेला साचलेल्या पाण्यात बेडकाची पिले शेपट्या हलवत फिरतात. ते पाणी आटण्याआधी त्यांना पाय फुटले पाहिजेत. खायला भरपूर मिळाले, तर पिलू मोठे होऊन जमिनीवर येते. हात आखडलेला असेल, तर एक तर त्याला उशीर होतो आणि डबके आटून ते तिथेच संपते, नाहीतर ते घाईघाईने, बारक्या अंगानेच बाहेर पडते. बारके बेडूक लवकर सुकते, कुणाच्याही तोंडात मावते आणि त्याच्या जबड्यात मोठा किडा मावत नाही. लहानपणीची उपासमार मोठेपणीही पाठ सोडत नाही, हे माणसाइतकेच त्यालाही लागू आहे.

कुणी म्हणेल, बेडूक कमी होण्याला शंभर कारणे असतील. पोटालाच एवढे महत्त्व कशाला? या शंकेचे उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत झाला आहे. तो बेडकावर नव्हे, त्याच्या भाऊबंदावर झाला. सॅलॅमँडर म्हणून एक प्राणी आहे. दिसायला पालीसारखा, शेपटीवाला, पण कातडी ओलसर आणि कुळ बेडकाचे. आपल्या महाराष्ट्रात तो नाही. भारतात त्याला भेटायचे, तर दार्जिलिंगकडच्या डोंगरात जावे लागते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत मात्र त्याचे अनेक प्रकार ओढ्याओढ्यांतून राहतात.

तिथे नॉर्थ कॅरोलायना राज्यात कोवीटा नावाचे जुने वनसंशोधन केंद्र आहे. ब्रूस वॉलेस या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली तिथल्या एका लहान ओढ्यावर वरून जाळे पसरले आणि काठानेही अडथळा उभा केला. हेतू एवढाच, की झाडांची गळणारी पाने पाण्यात पडू नयेत. पाणी तेच, ऊन-सावली जवळपास तीच, विष नाही, शिकार नाही. फक्त पालापाचोळा बंद. शेजारचा ओढा तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवला. झाले काय, तर कुजणाऱ्या पानांवर जगणारे बारीक किडे झपाट्याने घटले. मग त्या किड्यांना खाणारे किडे घटले. १९९७ साली हे निष्कर्ष छापून आले. पुढे २००५ साली ब्रेंट जॉन्सन आणि वॉलेस यांनी त्याच ओढ्यातल्या सॅलॅमँडरच्या पिलांचा हिशेब मांडला. जाळ्याखालच्या ओढ्यात पिले थोडी होती आणि जी होती, त्यांची वाढ मंदावलेली होती. सॅलॅमँडर काही पान खात नाही. तरी पान पाण्यात पडायचे थांबले, तेव्हा त्याचे ताट रिकामे झाले.

हा प्रयोग वाचल्यावर आपल्याकडचे ओढे डोळ्यांपुढे येतात. पूर्णा, दुधना, करपरा, गोदावरी यांना मिळणारे असंख्य नाले आपल्या जिल्ह्यात आहेत. एके काळी त्यांच्या काठाने बाभळी, करंज, उंबर, जांभूळ, निरगुडी, सिंदी अशी दाटी असे. त्यांची पाने पाण्यात पडत, कुजत, त्यावर शेवाळ आणि किडे पोसत. जाळे पसरायला आपल्याकडे कुणी शास्त्रज्ञ आले नाहीत. पण काठची झाडे गेली, की परिणाम जाळ्यासारखाच. जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, तसा बांध कोरत कोरत वितीवर आला. नांगराचे फाळ ओढ्याच्या कडेला जाऊन भिडले. पानही गेले आणि बेडकाची उन्हाळ्यात दडून बसायची कपारही गेली.

पाण्यासाठी मराठवाड्याने काय सोसले आहे, हे १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्याला सांगायला नको. त्यामुळे धरण, कालवा, नाला खोलीकरण यांना नावे ठेवण्याचा हा लेख नाही. येलदरीच्या धरणाने आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या जिल्ह्याच्या कितीतरी शिवारांचे रूप पालटले. पण पाणी म्हणजे जेवण नव्हे, एवढे ध्यानात ठेवायला हवे. सिमेंटचे अस्तर दिलेल्या कालव्यात पाणी खळाळते, मात्र पाला साचत नाही, चिखल धरत नाही, किडा वाढत नाही. यंत्राने सरळ उभा खोल केलेला नाला पाणी धरतो, पण त्याची उथळ कड नाहीशी होते आणि बेडकाच्या पिलांचे पाळणाघर तर त्या उथळ कडेलाच असते. खोलीकरण करताना एखाद्या बाजूला उतरती, गवताळ कड राखली, तर पाण्याचा थेंबही कमी होत नाही.

आणि मग आपली कपाशी. परभणीचा शेतकरी कपाशीवर जगला आणि कपाशीनेच खचला. संकरित वाण आले, उत्पन्न वाढले, त्याबरोबर बोंडअळी आली आणि फवारणीचा पंप घराघरात आला. पीककर्जातसुद्धा खते-औषधांचा वाटा वेगळा धरलेला असे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या. पण रस शोषणाऱ्या किडी होत्याच आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात पुन्हा हाहाकार केला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला पंपाच्या पलीकडून मारते, ते ओलसर कातडीतून पाणी नि हवा दोन्ही घेणाऱ्या जीवाचे काय करत असेल, याची कल्पना करावी.

पण कातडीतून होणाऱ्या विषबाधेपलीकडे आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बेडूक भक्ष्य ओळखतो ते त्याच्या हालचालीवरून. हलेल ते खाद्य, स्थिर असेल ते नाही. मेलेल्या माशांच्या ढिगात बसवलेला बेडूक उपाशी मरू शकतो. आता फवारणी झालेल्या शेताचा विचार करा. संध्याकाळी जमिनीवर किड्यांचा सडा पडलेला असतो, पण बेडकाच्या लेखी ते शेत रिकामे असते. जे किडे अजून तडफडत असतात, तेवढेच त्याला दिसतात. तो झडप घालून तेच गिळतो, त्यांच्या अंगातल्या विषासकट. मेजवानीच्या पंगतीत बसून माणूस उपाशी राहावा आणि जो एक घास मिळेल तोही बाधावा, अशातली ही गत. एंडोसल्फानसारखे विष २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले हे चांगले झाले. त्याच्या जागी दुसरी आली. बेडकाचे ताट काही भरले नाही.

बेडकासाठी आपण काहीच केले नाही, असेही नाही. एके काळी आपला देश बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवत असे. युरोप-अमेरिकेतल्या हॉटेलांत त्यांना मागणी होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षात चार हजार टनांहून अधिक माल गेला. तंगड्या विकून डॉलर मिळत होते. पण बेडूक गेल्यावर वाढणाऱ्या किडीसाठी औषधांवर किती खर्च होणार, असा हिशेब पर्यावरणाचे अभ्यासक मांडू लागले. अखेर १९८७ साली केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. निर्णय शहाणपणाचा होता. पण बेडूक पकडून नेणे थांबले, तरी त्याला उपाशी ठेवणे थांबले नाही. पकडलेला बेडूक डोळ्यांना दिसतो, उपाशी बेडूक दिसत नाही. शिवारात त्याचा आवाज एकदोन वर्षे येतच राहतो, कारण जुनी ठेव मोडून तो जगत असतो. ठेव संपली, की एखाद्या मृगाच्या रात्री गलका झालाच नाही, असे आपल्या लक्षात येते. तेव्हा चौकशीला उशीर झालेला असतो.

जिथे खायला मिळते तिथे काय होते, हेही आपण रोज पाहतो. गावातल्या विजेच्या खांबाखाली संध्याकाळी खरखरीत कातडीचे मातकट बेडूक येऊन बसतात. प्राणिशास्त्रात त्यांना भेक म्हणतात. दिव्यावर झेपावणारे किडे खाली पडतात आणि हे गडी जिभेचा फटकारा मारून उचलतात. त्यातला एखादा म्हातारा तर सावकारासारखा पोट सोडून बसलेला असतो. गोठ्याजवळ, उकिरड्याजवळ, परसातल्या मोरीच्या ओलीवर तोच प्रकार. शेण आहे, ओल आहे, किडा आहे, म्हणून तो आहे. त्याला दुसरे काही नकोच असते.

मग आपण काय करायचे? आपल्या आवाक्यातल्या चारदोन गोष्टी आहेत. ओढ्यालगतचा दहावीस पावलांचा पट्टा फवारणीतून वगळावा. पंप आणि डबे ओढ्यात विसळू नयेत. किडीचे प्रमाण बघून, गरज असेल तरच औषध मारावे. आधी पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे हे उपाय करून पाहावेत, असे कृषी विद्यापीठे कित्येक वर्षे सांगत आली आहेत. आपले परभणीचे विद्यापीठ तर १९७२ पासून आपल्या दारातच आहे. बांधावरचा पाला पेटवून देण्याऐवजी राहू द्यावा. ओढ्याकाठी एखादे करंज, एखादे उंबर आपण होऊन उगवले, तर त्यावर कुऱ्हाड चालवू नये. यात पदरचा पैसा फारसा जात नाही, उलट थोडा वाचतोच.

आणि शाळकरी मुलांसाठी एक छंद सुचवतो. एक वही करावी. पावसाळ्यात दर रविवारी, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, अंधार पडायच्या आत ओढ्याच्या कडेला जावे. बेडकाला हात लावायचा नाही, पकडायचे तर मुळीच नाही. नुसते पाहायचे आणि लिहायचे. पाण्याच्या कडेला पाला आहे का, त्याखाली किडे आहेत का, दिसलेले बेडूक भरल्या अंगाचे आहेत की त्यांची कंबरेची हाडे वर आली आहेत. दोनतीन वर्षांची अशी वही झाली, की त्या गावाला आपल्या ओढ्याची जेवढी माहिती होईल, तेवढी सरकारी दप्तरातसुद्धा सापडणार नाही. ज्या ओढ्याचे बेडूक पुष्ट, त्या ओढ्याचे पाणी, माती, झाड हे सारे ठीक चालले आहे, असे खुशाल समजावे.

पावसाने ओढ दिली, की आपल्याकडे खेड्यापाड्यांत धोंडी काढण्याची चाल होती. अंगाला लिंबाचा पाला बांधलेली पोरे, मुसळाला बांधलेला बेडूक आणि दारोदार त्यांच्यावर ओतलेले तांब्याभर पाणी. बेडकाने पाऊस आणावा, अशी आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडून अपेक्षा ठेवली. बिचाऱ्याच्या हाती ते नाही. पण पाऊस आल्यावर, चार महिने का होईना, त्याला पोटभर मिळावे, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. यंदा मृगाच्या रात्री ओढ्याकडून गलका ऐकू आला, की कूस बदलण्याआधी मनाशी एवढे जरूर म्हणावे, की आवाज तर लागला आहे, आता याच्या जेवणाचे काय ते बघू.